किचनच्या नळाला गरम पाण्याची धार करंगळीएवढी, थंड मात्र धो धो. मिक्सर बदलावाच लागेल का?

गुळपोळी | शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. हे लिहिताना मागे सिंकमध्ये कालच्या पुरणाची कढई भिजत पडली आहे, म्हणजे निकड लक्षात यावी.

आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो, सातवा मजला. ताबा मिळून सहा वर्षं झाली. पाणी बोअर आणि टँकरचं मिसळून. सिंकला ओट्यावर बसवलेला एका दांड्याचा मिक्सर आहे (डावीकडे फिरवला की गरम, उजवीकडे थंड), खाली दोन अँगल कॉक (पाणी बंद-चालू करायच्या छोट्या तोट्या) आणि स्टीलच्या जाळीचे दोन कनेक्शन पाइप. गिझर १५ लिटरचा, बाथरूमच्या माळ्यावर. तिथूनच भिंतीतून एक लाइन किचनला आली आहे.

दिवाळीपासून गरमची धार बारीक होत चालली. आता तर पेला भरेपर्यंत फोनवर बोलून होतं. नळ सोडला की क्षणभर जोरात येतं आणि मग एकदम बारीक. थंड पाणी झकास. बाथरूममध्ये गरमही झकास. गंमत म्हणजे दोन्हीकडे पाणी तेच, गिझर तोच.

प्लंबर आला. त्याने दांडा दोनदा इकडे तिकडे केला, सिंकखाली वाकूनही पाहिलं नाही, आणि "ताई, मिक्सर गेला. चांगल्यातला साडेचार हजार, मजुरी वेगळी" म्हणून चहा पिऊन गेला. सासूबाईंचं म्हणणं, टँकरचं पाणीच वाईट, परवा पातेल्यात काळे कण आले. नवरा म्हणतो हिवाळा संपला की बघू.

मिक्सर खरंच जातो का असा अर्धा? की मला बनवतायत?

---

हिंजवडी_बस | ९:२०

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे थंडही करंगळीएवढंच येतं, त्यामुळे तुमचं दुःख मला चैनीचं वाटतंय. हलके घ्या.

---

चकलीपात्र | ९:३४

ताई, आधी नळाच्या तोंडाची जाळी काढा! आमच्याकडे डिट्टो झालं होतं. हाताने फिरत नसेल तर फडकं गुंडाळून पकडीने हळू फिरवा. आत वाळू, पांढरे खडे, काय काय निघतं. एक वाटी व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायची. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात. खर्च शून्य. प्लंबरला बोलवायचंच कशाला.

---

पावशेर | ९:४१

जाळीला +१.

---

अर्धा_इंच | १०:०५

चकलीपात्र, तुमचा उपाय चांगला आहे पण या रोगावरचा नाही. जाळी नळाच्या अगदी टोकाला असते, गरम आणि थंड दोन्ही पाणी तिच्यातूनच बाहेर पडतं. ती तुंबली असती तर थंडही बारीक झालं असतं. धागाकर्तीकडे थंड धो धो आहे, म्हणजे जाळी सुटली.

हेच गिझरचं. त्याच्या इनलेटवरचा व्हॉल्व्ह क्षाराने जाम झाला असता तर बाथरूमचं गरमही रडलं असतं. म्हणजे गिझरही सुटला.

आता संशयित उरले चार: भिंतीतली किचनपर्यंतची लाइन, गरमचा अँगल कॉक, गरमचा कनेक्शन पाइप, आणि मिक्सरच्या आतल्या कार्ट्रिजची (दांड्याखालचा, गरम-थंड पाणी सोडणारा भाग) गरम बाजू. मिक्सर चारातला एक आहे, आणि सगळ्यात महाग तोच. प्लंबरने नेमका तोच का निवडला ते मी सांगायला नको.

पैसे न घालवता दोन चाचण्या करा.

पहिली, मोजा. एक लिटरचं भांडं पूर्ण गरमवर किती सेकंदात भरतं आणि पूर्ण थंडवर किती. "बारीक" म्हणजे किती ते आकड्यात कळलं की पुढे दुरुस्ती झाली की नाही तेही कळतं.

दुसरी, उलटापालट. गिझरचं बटण बंद करा. सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करा, खाली तसराळं ठेवा, आणि कनेक्शन पाइपांची खालची टोकं सोडवून अदलाबदल करून लावा. गरमचा पाइप थंडच्या कॉकवर, थंडचा गरमच्या. मग दोन्ही कॉक पूर्ण उघडून दांडा डावीकडे करा. आता "गरम" बाजूला थंड लाइनचं पाणी येईल. ते जोरात आलं तर मिक्सर आणि पाइप निर्दोष, दोष कॉकमध्ये किंवा लाइनमध्ये. तरीही बारीकच आलं तर लाइन आणि कॉक सुटले, दोष त्यांच्या वर.

---

गुळपोळी | १०:१८

अर्धा इंच काका (काका आहात ना?), दंडवत. उलटापालट नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला "रविवारी". मोजून मात्र मीच आले: गरम एक लिटरला ५० सेकंद, थंड ८ सेकंद. मला वाटलं होतं निम्मं असेल!

---

तांबडा_बंब | ११:०२

तुम्हा तरुणांच्या या सगळ्या जाळ्या, कार्ट्रिजा आणि दांडे बघून मौज वाटते. आमच्या घरी कसब्यात बंब होता. तांबट आळीतूनच घडवून आणलेला. मधल्या नळीत कोळसे, बाजूला पाणी, खाली पितळी चावी. धार कमी झाली म्हणजे एकच अर्थ, बंबात पाणी संपत आलं. वरून बादलीभर ओतायचं. निदान करायला प्लंबर लागत नसे, आजीची हाक पुरत असे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण आणि पाठोपाठ खडकवासला फुटलं तेव्हा मी शाळेत होतो. नळ कोरडे. वाड्याच्या विहिरीचं पाणी शेंदून बंबात ओतलं जायचं. आणि त्या वेळी एक गोष्ट दिसली जी आज तुमच्या कामाची आहे: एरवी धरणाच्या पाण्याने बंब आतून जवळजवळ स्वच्छ राहायचा, विहिरीच्या पाण्याने दोन-तीन महिन्यांत आत पांढरा थर धरला. आई तो खरवडायची तेव्हा अंड्याच्या टरफलासारखे तुकडे पडायचे.

---

दुर्वांकुर | ११:१५

काका, अजून लिहा ना बंबाबद्दल. स्वतंत्र धागा काढा.

---

अर्धा_इंच | ११:२८

बंबकाकांनी मुद्द्याचं सांगितलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर हे सगळं पावसाचं साठलेलं पाणी, म्हणून मृदू. बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळाच्या भेगांमधून मुरत येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. थंड असेपर्यंत ते गुमान राहतं. तापवलं की बायकार्बोनेट फुटतं, वायू उडून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट भांड्याला चिकटतो. म्हणून थर गरमच्या वाटेवर धरतो, थंडच्या नाही. पाणी ६० अंशांच्या वर तापवलंत तर आणखी वेगाने. गिझरचा काटा ५०-५५ वर ठेवा, विजेचं बिलही वाचेल.

---

सांख्यिकी | ११:४०

आमच्या सोसायटीत पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७५० आहे, म्हणजे किती थर बसेल?

---

अर्धा_इंच | ११:४९

टीडीएसवरून कळत नाही. त्यात मीठही मोजलं जातं, मीठ थर धरत नाही. "कठीणपणा" वेगळा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. साबणाला फेस येत नाही आणि स्टीलचे पेले वाळल्यावर पांढरे दिसतात? मग प्रयोगशाळेशिवायही उत्तर कळलंच आहे.

---

पेठेतला | १२:१०

आमचा अनुभव वेगळा. इमारत १९७८ ची, लाइन जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची). गरम पाणी वर्षानुवर्षं बारीक होत गेलं. शेवटी भिंत फोडली तर अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती, बाकी सगळा गंज. गरमची लाइन थंडच्या आधी गेली. नवीन सीपीव्हीसी (गरम पाणी चालणारं प्लास्टिक) बाहेरून, भिंतीवरून टाकली. दिसायला वाईट दिसते पण पाणी येतं. पाहुण्यांना सांगतो, इंडस्ट्रियल लुक आहे.

आणखी एक. जुन्या फिरकीच्या नळात रबरी वॉशर असतो, तो गरम पाणी लागलं की फुगतो. म्हणून आधी जोरात येतं आणि गरम पोचलं की धार बारीक. वॉशर पाच-दहा रुपयांचा. धागाकर्तीचं "क्षणभर जोरात" वाचून मला तेच वाटलं होतं, पण दांड्याच्या मिक्सरला वॉशर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. तेव्हा माझा मुद्दा मीच मागे घेतो.

---

गच्चीवरचं_ऊन | १२:३३

इथेच विचारतो, रागवू नका. आमचा शेवटचा मजला, गरम पाणी सोलरचं. सगळ्या घरातच गरमला जोर नाही. थंडला प्रेशर पंप आहे. सोलर आहे म्हणून मिळकत करात ५ टक्के सवलत मिळते, पण शॉवरखाली उभं राहिलं की ती सवलत परत करावीशी वाटते.

---

अर्धा_इंच | १२:५२

ऊनसाहेब, तुमच्याकडे काही बिघडलेलंच नाही. सोलरची टाकी तुमच्या नळापासून जेमतेम दहा फूट वर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे तुम्हाला ०.३ बार. पंपवाल्या थंडला दीड-दोन बार. दोन्ही एकत्र उघडलं की थंड पाणी गरमला ढकलून त्याच्याच लाइनमधून वर चढतं. गरमच्या लाइनला एकदिशा व्हॉल्व्ह (एनआरव्ही) आहे का बघा, नसेल तर तुमचं थंड पाणी सोलरच्या टाकीत जाऊन शेजाऱ्यांचं पाणी गार करत असेल.

आणि कोणी सांगेल की पंपाची लाइन सोलरच्या टाकीलाच जोडा. अजिबात नको. साध्या सोलरची टाकी दाब सोसणारी नसते, तिला वर हवेची नळी असते. गरमला जोर हवाच असेल तर टाकीच्या *नंतर*, गरम पाणी चालणारा छोटा पंप.

---

गच्चीवरचं_ऊन | १२:५८

शेजारी गेलं वर्षभर तक्रार करतायत की सकाळी सातनंतर पाणी कोमट येतं. मी सातला आंघोळ करतो. हे मी त्यांना सांगू का?

---

पावशेर | १:०१

आधी व्हॉल्व्ह बसवा, मग सांगू नका.

---

उन्हाळी_सुट्टी | दुपारी २:२०

आमच्याकडे गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून सारखं ठिबकायचं. प्लंबरने त्या छोट्या भोकाला एमसील लावून बंद केलं. ठिबकणं थांबलं आणि मला तर वाटतं दाबही वाढला. ताई, तुम्हीही बघा.

---

अर्धा_इंच | २:२६

उन्हाळी सुट्टी, हे वाचत असाल तर आत्ता उठा आणि गिझर बंद करा. चेष्टा नाही करत.

ते भोक म्हणजे गिझरची शिट्टी आहे. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत गेलं की साधारण पाव लिटर जास्तीचं होतं. एनआरव्हीमुळे ते मागे जाऊ शकत नाही, नळ बंद असल्याने पुढे जाऊ शकत नाही, मग ते त्या भोकातून थेंब थेंब बाहेर पडतं. तापताना थोडं ठिबकणं हे तो जिवंत असल्याचं लक्षण. उद्या थर्मोस्टॅट अडकला तर तीच एक सुटकेची वाट. कुकरची शिट्टी एमसीलने बंद करून गॅस मोठा कराल का?

गिझर थंड असतानाही सारखं ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह खराब, किंवा टाकीवरून दाब जास्त येतोय. नवा व्हॉल्व्ह बसवा. भोक बुजवणाऱ्या प्लंबरला परत घरात घेऊ नका.

---

उन्हाळी_सुट्टी | २:३१

बंद केला. हात थरथरतायत. तीन महिने असंच चाललं होतं, मुलं रोज आंघोळ करतात त्याच्याखाली.

---

चकलीपात्र | २:३५

बापरे. धागा सार्थकी लागला.

---

उन्हाळी_सुट्टी | सायंकाळी ६:५०

नवा व्हॉल्व्ह बसला. दुसरा प्लंबर बोलावला. त्याने आधीचं काम पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आता तापताना ठिबकतं आणि तो आवाज गोड वाटतो.

---

गुळपोळी | रविवार, सकाळी ११:४०

उलटापालट झाली. नवऱ्याने सिंकखाली शिरून केली, डोकं दोनदा आपटलं. निकाल: दांडा डावीकडे केला तर थंड लाइनचं पाणीसुद्धा बारीकच. मोजलं, ४८ सेकंद. आणि उजवीकडे केला तर गरम लाइनचं पाणी धो धो!

म्हणजे लाइन आणि कॉक सुटले. म्हणजे मिक्सरच ना हो? प्लंबर बरोबर होता? नवरा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतोय, का ते मला कळलेलं नाही.

---

हिंजवडी_बस | ११:४४

साडेचार हजार + मजुरी + चहा.

---

अर्धा_इंच | ११:५५

थांबा. मिक्सर *किंवा* पाइप. अजून दोघं आहेत. कार्ट्रिजच्या गरम तोंडात क्षाराचा खवला अडकलेला असू शकतो, पण नुसती कार्ट्रिजही सुटी मिळते, त्यासाठी पूर्ण मिक्सर लागत नाही. पाइप वरच्या टोकाला मिक्सरच्या पोटात आट्यांनी बसवलेला असतो, तिथे पान्हा पोचायला त्रास होतो. म्हणून प्लंबर लोक तिथे जात नाहीत.

---

स्वयंपाकघर_सम्राज्ञी | दुपारी १२:३०

कालपासून फक्त वाचत होते. कोणीच त्या काळ्या कणांबद्दल विचारलेलं नाही. पहिल्याच पोस्टमध्ये आहे, सासूबाईंना पातेल्यात काळे कण दिसले म्हणून.

गुळपोळी, ते कण गरम पाण्यातच येतात की थंडमध्येही? आणि बोटात चिरडले तर काय होतं? वाळू असेल तर खरखरते. रबर असेल तर बोटाला काळं फासतं, काजळासारखं.

---

गुळपोळी | १२:५१

थांबा हं. पांढऱ्या ताटलीत गरम घेऊन बघितलं. सात-आठ कण. सासूबाईंनीच चिरडून दाखवलं. फासतं. पुसलं तरी बोट काळं. थंडमध्ये एकही नाही.

---

स्वयंपाकघर_सम्राज्ञी | १२:५५

मग पाइप. स्टीलची जाळी नुसती वरची, आत रबराची नळी असते. सहा वर्षं गरम पाणी पिऊन ती आतून कुजते, सुटते आणि पाण्याच्या जोराने मिटते. म्हणूनच नळ सोडला की क्षणभर जोरात, मग बारीक.

आणि जोवर बदलत नाही तोवर गरमचं पाणी स्वयंपाकात घेऊ नका.

---

अर्धा_इंच | १:०४

साष्टांग. मी काल "क्षणभर जोरात" वाचलं आणि पुढे गेलो. काळ्या कणांकडे तर बघितलंच नाही, टँकरचं पाणी म्हणून सोडून दिलं.

नवीन घेताना दुकानदाराला गरम पाण्यासाठी म्हणून स्पष्ट सांगा. जुन्याची लांबी मोजून न्या. लांब घेतला की सिंकखाली वळसा घालावा लागतो आणि तिथे दुमडला की परत हीच कहाणी. दोन्ही टोकांना रबरी वॉशर असतो, टेफलॉन टेप गुंडाळू नका. हाताने घट्ट आणि वर पान्ह्याने पाव फेरा, बस.

---

पेठेतला | १:१०

बोहरी आळीत मिळेल, पण आज रविवार. उंड्रीतच बघा.

---

गुळपोळी | सायंकाळी ७:१५

झालं!!! २८० रुपये. जोडीच घेतली, थंडचाही सहा वर्षांचाच.

पान्हा पोचेना म्हणून वॉचमनदादांच्या ओळखीचा एक मुलगा आला, लांब दांड्याचा पान्हा घेऊन. दहा मिनिटांत काम. १५० रुपये घेतले, चहा नको म्हणाला.

आता एक लिटरला ९ सेकंद. आणि अजून एक फायदा, जो मला सुचलाच नव्हता: आधी गरम पाणी येईपर्यंत मिनिटाच्या वर थांबावं लागायचं, आता दहा-बारा सेकंदांत येतं.

जुना पाइप नवऱ्याने कटरने उभा चिरला. बाहेरून जाळी नवीकोरी. आत काळी नळी एका बाजूने सुटून वाळलेल्या चिंचेसारखी आवळली होती, मधे एक फट, तिच्यात माझ्या कानातल्याची दांडी कशीबशी गेली. हात लावला की काळं. थंडचा पाइपही चिरला, तो आतून गुळगुळीत. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले.

---

अर्धा_इंच | ७:२८

तो वेळ लाइनमुळे. बाथरूमपासून किचनपर्यंत दहा-बारा मीटर असेल तर त्या पाइपात सव्वा-दीड लिटर गार पाणी उभं असतं. ते आधी बाहेर पडायला हवं. ५० सेकंदाला लिटर म्हणजे मिनिटभर गेलंच.

---

तांबडा_बंब | ७:४५

पुरणाच्या कढईचं काय झालं?

---

गुळपोळी | ७:५२

घासली काका. सासूबाई मागे उभ्या राहून म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं काळं येतंय म्हणून, तुम्ही लोकांनी टीडीएस काढलात." स्वयंपाकघर सम्राज्ञींना त्यांनी तिळगूळ पाठवायला सांगितला आहे. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

हिंजवडी_बस | ८:०३

आता माझ्या थंडचं कोणी बघणार आहे का?

---

अर्धा_इंच | ८:०६

जाळी साफ केलीत?

---

हिंजवडी_बस | ८:४०

…

---

चकलीपात्र | ८:४१

व्हिनेगर. रात्रभर. मी कालच सांगितलं होतं.